कर्मणी प्रयोग

जाहिरात चार ओळींची होती.
वनस्पती-परिसंस्थेच्या संशोधनपत्रिकेला
अर्धवेळ संपादक पाहिजे.
आठवड्याला बारा तास, घरून चालेल.
मानधन चर्चेअंती.

रास अल खैमात आमच्या खिडक्यांवर
खाणीची भुकटी रोज बसते.
एका हातात फडकं, दुसऱ्यात फोन,
उभ्या उभ्या हिशोब केला:
श्रीरामपूरच्या कॉलेजात शेवटचं पान वाळवून डकवलं
त्याला अकरा वर्षं आणि एक मुलगा झाला.

अर्जात रकाना होता, "सध्याचा व्यवसाय".
लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.
क्वाड्रॅट टाकणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात,
चौकटीत काही उगवलं नसेल
तर शून्य लिहायचं, जागा सोडायची नाही.
मी सोडली.

परीक्षा म्हणून एक लेख आला, चौदा पानं.
दिगदाग्याच्या रेतीत गाफची रोपं, तीन उन्हाळे.
गाफ म्हणजे आपली शमी.
जिच्यावर शस्त्रं बांधून ठेवायची
आणि विराटाघरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं,
ती.
हे मी समासात लिहिलं नाही.

समासात लिहिलं ते असं:
तक्ता दोनची बेरीज एकाने चुकते.
आकृती चारमधला उभा अक्ष उलटा आहे.
"लक्षणीय" नऊ वेळा आलंय,
आकडे सोबत आलेत दोनदाच.
आणि पान सहा, ओळ अकरा:
"रोपांना दर तिसऱ्या रात्री पाणी घालण्यात आले."

होतं इंग्रजीत, पण वास ओळखीचा.
आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर असंच असे,
कळविण्यात येते, रद्द करण्यात येते,
तासिका तत्त्वावरील सेवा समाप्त करण्यात येते.
करणारा कधी जिन्यातसुद्धा भेटला नाही.

एकशेवीस रोपं.
अठ्ठेचाळीस अंशांच्या दिवसानंतरची रात्र.
कॅन घेऊन कोणीतरी चालत गेलंच असणार,
पोटरीपर्यंत पाय रुतवत, एकशेवीस वेळा वाकत.
मी ओळीखाली रेघ मारली.
लिहिलं: कोणी?

मुलाखत फोनवर झाली.
डॉक्टर शमसा अल-नुऐमी पहिला प्रश्न विचारत होत्या
आणि माझ्या मागे कुकरने शिट्टी दिली.
दुसरीही दिली.
"बंद करून या," त्या म्हणाल्या, "मी थांबते."
परत आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न सोडूनच दिला.
म्हणाल्या, "अक्ष सोळा जणांना दिसला.
तुमचं ते एका शब्दाचं मी लेखकांना पाठवलं.
आधी चिडले. मग शोधायला लागले.
हजेरीपटावर नुसतं 'मजूर, एक' होतं."
कागद चाळल्याचा आवाज.
"शराफत नाव. मुलतानकडचा कुठला तरी.
व्हिसा संपला, गेला गेल्या वर्षी."

करारासोबत नवऱ्याचं ना-हरकत पत्र मागितलं होतं.
टाइल्सच्या कारखान्यातून अच्युत छापील नमुना घेऊन आला:
पत्नीस काम करण्याची अनुमती देण्यात येत आहे.
सहीसाठी पेन मागितलं.
थांब म्हटलं, आधी एक दुरुस्ती आहे.
त्यानं वाचलं, बराच वेळ वाचत राहिला,
मग चहा स्वतःच ठेवला. साखर विसरला.

पहिलं काम तोच लेख, सुधारून आलेला.
बेरीज जुळली, अक्ष सरळ झाला.
आभारांत, हवामान खात्यानंतर, निधी देणाऱ्यांनंतर,
सगळ्यात खाली:
शराफत, पूर्ण नाव उपलब्ध नाही.

"उपलब्ध नाही" मी खोडलं.
वर लिहिलं, "आम्ही विचारलं नाही."
योग्य वाटल्यास ठेवावे,
नसेल तर कारण कळवावे.

या आठवड्याचे बारा तास मंगळवारीच संपले.
आज गुरुवार.
लेखकांचं उत्तर आलेलं नाही.
खिडकी पुसायची राहिलीय.